प्रकल्पाधारित अध्ययन: २८ शिक्षकांचं प्रशिक्षण घ्यायचं आहे, दोन दिवसांत नेमकं काय करून घ्यावं?

अध्ययनवाट (डिचोली)

नमस्कार मंडळी,

गोव्यातल्या डिचोली आणि सत्तरी तालुक्यांतल्या मराठी शाळांमधल्या २८ शिक्षकांना प्रकल्पाधारित अध्ययनाचं, म्हणजे एका खऱ्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता शिकण्याच्या पद्धतीचं, प्रशिक्षण द्यायचं ठरलं आहे. त्यातले १६ जण प्राथमिकचे. त्यांतल्या सहाजणांच्या शाळा एकशिक्षकी, म्हणजे पहिली ते चौथी एकाच माणसाच्या हाती. उरलेले १२ जण पाचवी ते आठवीला विज्ञान, गणित, भाषा आणि समाजशास्त्र शिकवतात. जूनच्या शेवटच्या आठवड्यात सलग दोन दिवस मिळालेत. सभागृह आहे, प्रोजेक्टर आहे, दुपारच्या जेवणाची सोय आहे.

अडचण अशी की 'प्रकल्प' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर थर्मोकोलचं मॉडेल येतं, नाहीतर दुकानातली चित्रं चिकटवलेली फाईल. धडा शिकवून झाला की 'प्रोजेक्ट' घरी पाठवायचा आणि आईवडिलांनी रात्री बसून तो पुरा करायचा. ही सवय व्याख्या आणि स्लाइड दाखवून सुटणार नाही, एवढं मला पटलंय.

तर विचारायचं ते असं. दोन दिवसांची मांडणी कशी करावी? शिक्षकांकडूनच एखादा प्रकल्प करून घ्यायचा तर कोणता, आणि त्याला वेळ किती लागतो? गुण कसे द्यायचे हा प्रश्न तर हमखास येणार. आणि एकशिक्षकी शाळेत हे सगळं जमण्यासारखं आहे का?

खडूफळा

पहिलं काम म्हणजे त्या आदेशातला 'सलग' शब्द बदलून घ्या. दोन दिवसांमध्ये बारा-पंधरा दिवसांचं अंतर हवं. पहिल्या दिवशी शिक्षकांनी स्वतः एक छोटा प्रकल्प करायचा. मधल्या काळात आपापल्या गावात फिरून वर्गासाठी प्रश्न शोधायचा आणि मुख्याध्यापकांशी बोलून तासिका ठरवायच्या. दुसऱ्या दिवशी तो प्रश्न घेऊन यायचा आणि त्यावर आराखडा उभा करायचा. लागोपाठ दिवस ठेवले तर दुसऱ्या दिवशीचा आराखडा मनाने रचलेला असतो. त्यात विहीर असते, पण ती कुणाची, तिथे मुलांना जाऊ देतील का, हे कुणी विचारलेलं नसतं. शाळेत परतल्यावर पहिल्याच अडचणीला तो आराखडा कपाटात जातो.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांचं व्यावसायिक विकासाचं प्रशिक्षण सांगितलं आहे. दिवस वेगळे केले तरी तास तेवढेच भरतात, हे पत्रात मांडलंत तर मंजुरीला अडचण येऊ नये.

एका शाळेतून एकटा शिक्षक शक्यतो बोलवू नका, दोघे बोलवा. एकशिक्षकी शाळांच्या बाबतीत शेजारच्या वाड्यावरच्या दोन शाळांची जोडी लावा. तासिका बदलायच्या, मुलांना बाहेर न्यायचं, कुणी 'हे काय चाललंय' विचारलं तर उत्तर द्यायचं, हे एकट्याने झेपत नाही. मुख्याध्यापकांना पहिल्या दिवसाच्या सकाळी दोन तास आणि दुसऱ्या दिवसाच्या शेवटच्या तासाला नक्की बोलवा, कारण वेळापत्रक त्यांच्या हातात असतं.

२८ जणांचे चारचारचे सात गट करा. पहिल्या दिवशी प्राथमिक आणि वरचे वर्ग मिसळून, दुसऱ्या दिवशी इयत्तेप्रमाणे. एका गटात पाच झाले की पाचवा माणूस वही धरून बसतो. मुलांच्या गटातही तेच होतं, म्हणून चारचा आकडा पाळा.

पहिला दिवस असा लावता येईल. ९.३० ला सुरुवात, स्वागत दहा मिनिटांत आटपायचं. ९.४० ला थेट प्रश्न: 'या इमारतीच्या छपरावर पडणारं पावसाचं पाणी मुलांच्या हात धुण्याला पुरेल का, आणि पुरत असेल तर ते आपण का वापरत नाही?' अर्धा तास फळ्यावर दोन रकाने भरायचे: आपल्याला काय माहीत आहे आणि काय शोधावं लागेल. १०.१० ते ११.४५ बाहेर जाऊन मोजमाप. जेवणापर्यंत हिशेब आणि आकृती. दुपारी दोनला पंचायतीला किंवा शाळा व्यवस्थापन समितीला द्यायच्या निवेदनाचा पहिला मसुदा, २.४० ला दुसऱ्या गटाने त्यावर सूचना द्यायच्या, ३.१० ला मसुदा सुधारायचा. ३.३५ ला तो बाहेरच्या माणसासमोर मांडायचा. गावातला एखादा पंच किंवा पालक-शिक्षक संघाचा सदस्य बोलवा, प्रशिक्षकाने ऐकून चालत नाही. पाहुणा आला की मसुद्याची भाषा आपोआप बदलते.

आणि ४ ते ४.४५ हा वेळ काही झालं तरी कापू नका. या पाऊण तासात शिक्षकांनी शिकणाऱ्याची टोपी काढून शिकवणाऱ्याची घालायची: प्रशिक्षकाने प्रश्न केव्हा मांडला, उत्तर केव्हा दिलं नाही, कुठे पंधरा मिनिटं सरळ शिकवलं आणि का, गट अडला तेव्हा काय विचारलं. वेळ कमी पडला की नेमका हाच भाग उडतो, आणि मग शिक्षक 'आज पावसाच्या पाण्याबद्दल शिकलो' असं म्हणत घरी जातात.

त्या पंधरा मिनिटांविषयी थोडं. प्रकल्पात शिक्षकाने शिकवायचंच नाही असा मोठा गैरसमज आहे. शिकवायचं, पण गरज पडेल तेव्हा. गट क्षेत्रफळापाशी अडला की तिथे थांबवून सगळ्यांना क्षेत्रफळ आणि आकारमान यांचा संबंध फळ्यावर दाखवा. धडा आधी संपवून मागून प्रकल्प दिला की ते वरातीमागून घोडं होतं. इथे प्रश्न पुढे चालतो आणि धडा त्याच्या गरजेप्रमाणे येत जातो. हे ऐकून पटत नाही, त्या दिवशी दिसावं लागतं.

गणिताची_बाई

खडूफळा सरांनी छपराचा प्रश्न सुचवलाय तो चांगला आहे, पण त्यात कुठे पाय घसरतो ते सांगते. त्याची तयारी आदल्या दिवशीच करावी लागते.

सूत्र सोपं आहे. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. पण हे सांगून टाकू नका. १ मीटर बाय १ मीटरचा चौकोन जमिनीवर खडूने आखा, त्यावर १ मिमी उंचीचा थर कल्पून घनसेंटिमीटरमध्ये हिशेब करायला लावा: १०० × १०० × ०.१ = १००० घनसेमी. हे ज्याने स्वतः काढलं, तो पुढे अडत नाही.

पहिली चूक छपराच्या क्षेत्रफळात होते. आपल्याकडे मंगळुरी कौलांचं उतरतं छप्पर. निम्मे गट उताराची लांबी मोजून क्षेत्रफळ काढतात. पाऊस मात्र छपराच्या सावलीएवढ्याच जागेवर पडलेला धरायचा असतो, म्हणजे पावळीपासून (छपराच्या खालच्या कडेपासून) पावळीपर्यंतची आडवी लांबी-रुंदी. ही चूक होऊ द्या. दोन गटांची उत्तरं जुळत नाहीत तेव्हा त्यांना समोरासमोर बसवा आणि आपण बोलू नका. पुठ्ठा तिरका धरून त्याची दुपारची सावली कल्पा, एवढी खूण पुरते. हा वाद दहा मिनिटं चालतो आणि तीच दहा मिनिटं संध्याकाळच्या चर्चेत सगळ्यांत उपयोगी पडतात.

उदाहरणाचा हिशेब: इमारत १८ × ७ मीटर, म्हणजे १२६ चौरस मीटर. एका दिवसात ६५ मिमी पाऊस पडला तर १२६ × ६५ = ८१९० लिटर. कौलांत मुरणारं, उडणारं, पन्हळीतून सांडणारं वगळायला ०.८ ने गुणा: ६५५२ लिटर. ६० मुलं, प्रत्येकी २ लिटर हात धुण्याला, म्हणजे दिवसाला १२० लिटर. एका दिवसाचं पाणी ५४ दिवस पुरतं. ६५ मिमी हा आकडा मुद्दाम घेतलाय. हवामान खात्याच्या वर्गवारीत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे जोरदार पाऊस, २०४.४ च्या पुढे अतिवृष्टी. म्हणजे आपल्याकडच्या पावसाळ्यात ६५ मिमी ही दुर्मीळ गोष्ट नाही. पुढचा प्रश्न शिक्षकच विचारतात: मग साठवायचं कशात? तिथून टाकीचं आकारमान, खर्च, जागा, पहिल्या पावसाचं घाण पाणी वेगळं सोडणं असे फाटे फुटतात. फुटू द्या, फक्त फळ्यावर नोंदवून ठेवा.

पर्जन्यमापक २ लिटरच्या सरबताच्या बाटलीचा होतो. वरचा निमुळता भाग कापून उलटा बसवायचा. बाटलीचं बूड खाचाखोचांचं असतं, त्यामुळे खाली खडे घालून सपाट भागापर्यंत पाणी भरा आणि तिथे शून्याची खूण करा. हे केलं नाही तर पहिले २०-३० मिमी चुकतात. तोंड आणि बुंधा यांचा व्यास सारखा असेल तर पट्टीवरची उंची म्हणजेच पाऊस. मोठं नरसाळं लावलं की दोन्ही क्षेत्रफळांच्या प्रमाणाने भागावं लागतं, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. भिंत किंवा माड जवळ असेल तर त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब ठेवा. वाचन रोज सकाळी ८.३० ला, कारण हवामान खातंही चोवीस तासांचा पाऊस ८.३० पर्यंतचा धरतं आणि मग आपला आकडा त्यांच्याशी ताडून पाहता येतो.

रविवारचं काय, हे आधीच ठरवा. सोमवारी मुलं दोन दिवसांचं पाणी एका दिवसाच्या नावावर लिहितात आणि आलेखावर खोटा सुळका येतो. एकतर शाळेजवळ राहणाऱ्या मुलाकडे काम द्या, नाहीतर '४८ तास' असं स्पष्ट लिहून दोन दिवसांत मिळून एकच आयत काढायला शिकवा.

सामान गटागटी: १५ किंवा ३० मीटरची फायबर टेप (पोलादी टेप पावसात गंजते), जाड दोरा, बाटली, पट्टी, ग्राफ कागद. जूनच्या दमटपणात चार्ट पेपर संध्याकाळपर्यंत गुंडाळतो आणि स्केचपेनची शाई पसरते. त्यापेक्षा जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजू आणि बॉलपेन वापरा. प्रत्येक गटाला छत्री धरणारा एक माणूस लागतो, हे गंमत म्हणून नाही सांगत. नोंदवही भिजली की आकडे गेले.

अध्ययनवाट (डिचोली)

दोघांचेही आभार. अंतराचा मुद्दा वरिष्ठांपुढे ठेवतो. आता दुसऱ्या दिवसाबद्दल सांगा. 'चांगला प्रश्न' शिक्षकांकडून काढून कसा घ्यायचा? बहुतेक जण 'पाणी', 'झाडे', 'आपले सण' असे विषय लिहून आणतील. आणि गुणांचं राहिलंच.

सहामाहीनंतर

विषय लिहून आणले तर तिथूनच सुरू करा. 'पाणी' हा विषय झाला. 'पाणी वाचवणे का गरजेचे आहे?' हा निबंध झाला, त्याचं उत्तर मुलांना आधीच माहीत असतं. 'आमच्या वाड्यावरच्या तीन विहिरींपैकी एकच एप्रिलमध्ये का आटते?' हा प्रश्न झाला. त्यात जागा आहे, तुलना आहे, आणि उत्तर कुठल्याही पुस्तकात छापलेलं नाही.

प्रत्येक शिक्षकाने निदान पाच प्रश्न लिहावेत आणि जोडीदाराने ते चार कसोट्यांवर घासावेत. मोबाईलवर शोधून पाच मिनिटांत उत्तर मिळतं का? मिळत असेल तर बाद. उत्तर काढायला आपल्याच परिसरात मोजावं, विचारावं किंवा पाहावं लागतं का? अभ्यासक्रमातल्या दोन-तीन अध्ययन निष्पत्तींशिवाय (म्हणजे मुलाला शेवटी जे यायला हवं त्याशिवाय) उत्तर निघूच शकत नाही ना? आणि त्या इयत्तेतल्या मुलाला एकदा वाचून कळतो का? तिसरी कसोटी सगळ्यांत कठीण जाते. प्रश्न मजेदार असतो, पण अभ्यासक्रमाशी त्याचा धागा नंतर ओढूनताणून जोडलेला असतो. 'पोर्शन मागे पडतो' ही तक्रार तिथूनच जन्मते. म्हणून दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने पाठ्यपुस्तक आणि अध्ययन निष्पत्तींची यादी सोबत आणलीच पाहिजे. कुठले धडे प्रकल्पातच शिकवून होतील, त्यांवर पेन्सिलीने खूण करायची. चार-पाच धडे असे निघाले की पोर्शनची भीती निम्म्यावर येते.

आराखडा एका पानाचा. निष्पत्ती, प्रश्न, शेवटी काय तयार होणार आणि ते कोण पाहणार, प्रत्येक मुलाने एकट्याने शिकल्याचा पुरावा काय, तासिका, सामान, धोका. पान उलटावं लागलं तर प्रकल्प मोठा झाला समजा. पहिला प्रकल्प तीन आठवड्यांच्या वर नेऊ नका. ३५ मिनिटांच्या १४ तासिका म्हणजे ४९० मिनिटं, जेमतेम आठ तास. त्यातल्या चार तासिका बाहेरच्या कामात जातात, दोन मांडणीत, निदान दोन सुधारणेत. उरतात सहा. हे गणित शिक्षकांनी स्वतः कागदावर केलं की ते आपणहून प्रश्न लहान करतात. वरच्या वर्गांना बाहेरच्या कामासाठी जोडतासिका लागते. गणित आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी एका दिवसाच्या तासिका अदलाबदल केल्या तर ती मिळते. सहावी ते आठवीच्या दहा दप्तरमुक्त दिवसांतले दोन याच कामाला लावा, सहलीसारखे संपवू नका.

कॅलेंडर पाहून सुरुवात ठरवा. जुलैच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात सुरू केलं तर चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुट्टीआधी संपतं. मध्ये सुट्टी आली की धागा तुटतो आणि परतल्यावर गट पुन्हा लावावे लागतात.

आता गुण. गटाला एकच गुण देऊ नका. एक मुलगी सगळं लिहिते आणि चौघांना सारखे गुण मिळतात, हे मुलांना पहिल्या आठवड्यातच कळतं. २० गुण असतील तर ८ गटाच्या कामाला आणि १२ एकेकट्याच्या कामाला: ४ नोंदवहीला, ३ तोंडी प्रश्नांना, ५ न पाहिलेल्या उदाहरणाला. न पाहिलेलं उदाहरण म्हणजे त्याच कल्पनेवरचा नवा प्रसंग. छपराचा प्रकल्प केला असेल तर 'समाजमंदिराचं छप्पर १० × ६ मीटर, पाऊस ४० मिमी, कौलं फुटकी म्हणून ०.७ धरा, किती लिटर?' हे प्रत्येकाने एकटं सोडवायचं. १६८० आलं तर त्या मुलाला समजलं. पालकांनी काम केलंय का, ही शंकाही याच ठिकाणी मिटते. दुसरा उपाय म्हणजे प्रकल्पाचं कुठलंही काम घरी पाठवायचंच नाही. घरी फक्त विचारणं आणि पाहणं.

निकषांचा तक्ता करताना 'उत्तम, चांगले, बरे' लिहू देऊ नका. त्या शब्दांनी मुलाला पुढे काय करायचं ते कळत नाही. 'मोजमाप तीनदा घेतलं, तिन्ही आकडे लिहिले, फरक पडला तर कारण शोधलं' असं लिहिलं की कळतं. तीन निकष पुरे. मग प्रशिक्षणात एक सराव नक्की घ्या: कुठल्याही मुलांच्या कामाचे तीन नमुने झेरॉक्स करून (नावं काढून) सगळ्यांना द्या आणि एकमेकांना न विचारता गुण द्यायला सांगा. आकडे फळ्यावर लिहा. एकाच कामाला टोकाचे गुण पडलेले दिसतात. का, यावर बोलून निकषांचे शब्द दुरुस्त करा आणि पुन्हा गुण द्या. यासाठी एक तास लागतो, आणि तो वसूल होतो.

सूचना द्यायचीही रीत शिकवावी लागते. दुसऱ्याच्या मसुद्यावर आपण 'छान आहे' म्हणतो, नाहीतर चुका काढतो. नियम साधे ठेवा: मनाला न लागणारी, नेमक्या ओळीवर बोट ठेवणारी आणि उद्या करता येईल अशी सूचना. आधी दोन सूचना प्रशिक्षकाने स्वतःच्या कच्च्या मसुद्यावर सगळ्यांसमोर मागून घ्याव्यात, म्हणजे संकोच जातो. चिकट चिठ्ठ्या महाग पडतात, दमट हवेत भिंतीवरून गळतातही. पाठकोऱ्या कागदाचे तुकडे आणि टाचण्या पुरतात.

चार_वर्ग_एक_खोली

एकशिक्षकी शाळेत जमतं का, असं विचारलंय. माझ्या मते तिथे ते अधिक नैसर्गिक आहे. चार वर्गांचे चार धडे एका खोलीत वेगवेगळे शिकवण्यापेक्षा एकाच प्रश्नावर चार पातळ्यांची कामं देणं सोपं जातं. पण आराखड्याच्या पानावर प्रत्येक इयत्तेचं काम वेगळं लिहिलेलं हवं. ते नसलं की चौथीची मुलं सगळं करतात आणि पहिलीची रंग भरत बसतात.

डिचोली-सत्तरीसाठी माटोळीचा, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर टांगतात त्या फळा-पानांच्या आराशीचा, प्रकल्प घ्या. प्रश्न असा: 'आपल्या वाड्यावरच्या माटोळीतलं काय रानातून येतं, काय कुळागरातून (पोफळी-माडांच्या बागेतून), काय बाजारातून, आणि आजीच्या लहानपणी हे वेगळं होतं का?' पहिलीची मुलं फळं आकाराने, रंगाने वेगळी लावतील आणि मोजतील. दुसरीची नावं लिहितील, चित्र काढतील. तिसरीची कुठे उगवतं, वेल की झाड, कोण आणतं याची नोंद करतील. चौथीची तीन आज्या-आजोबांना तेच पाच प्रश्न विचारून तक्ता भरतील आणि स्तंभालेख काढतील. परिसर अभ्यास, भाषा, गणित तिन्ही यात येतात. गट चारचारचे, पण प्रत्येकात चारही इयत्तांची मुलं.

भाषेचं आधी ठरवा. मुलं घरात कोंकणी बोलतात, काही घरांत कन्नड किंवा हिंदी. मुलाखत ज्या भाषेत आजी बोलते त्या भाषेतच होऊ द्या. कांगलां, घागऱ्यो, तोरींग हे शब्द तसेच लिहा. भिंतीवर दोन रकान्यांची शब्दभिंत करा: घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द. बांय आणि विहीर शेजारी शेजारी आले की मूल दोन्ही वापरायला लागतं. शुद्ध मराठीत विचारून आणायला सांगितलंत तर मुलं मुलाखत न घेताच वाक्यं रचून आणतात.

सावधगिरी: कवंडाळासारखी माटोळीतली काही फळं दिसायला देखणी पण खायला विषारी. कुठलंही फळ तोंडात घालायचं नाही, हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे. म्हादई अभयारण्याच्या हद्दीतून काही तोडून आणायचं नाही. नमुना म्हणून एक फळ पुरे, बाकीची चित्रं. ज्यांच्या घरी माटोळी बांधत नाहीत त्या मुलांना बाजारातल्या विक्रेत्यांना विचारायचं काम द्या. कुठून आणलं, कितीला विकलं, यंदा काय मिळालं नाही. ते काम दुय्यम नाही, प्रश्नाचा एक भाग त्याशिवाय सुटत नाही.

हे शेवटी पाहणार कोण? जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही राखायची असते. मुलांची माटोळी-नोंद त्या समितीपुढे ठेवा. महिनाभर आधी भेटून वेळ ठरवा, ऐन चवथीच्या तोंडावर कुणी मोकळं नसतं.

खाजनकाठ (तिसवाडी)

विषय तुमच्या भागाचा नाही, तरी किनारी तालुक्यातले कुणी हे वाचत असतील म्हणून लिहितो. खाजनाचा (बांध घालून खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीचा) प्रकल्प घ्यायचा तर भेटीची वेळ शाळेच्या घंटेवर ठरवू नका, भरती-ओहोटीच्या तक्त्यावर ठरवा. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. मागच्या आठवड्यात पाहून आलेल्या वेळेला गेलात तर मानशीची (बांधातून पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या झडपेची) दारं मिटलेली आणि पाणी उभं, मुलांना पाहायला काहीच नाही. ओहोटी सुरू होण्याच्या अर्धा तास आधी पोहोचा, म्हणजे बाहेरचं पाणी उतरल्यावर आतल्या पाण्याच्या दाबाने दारं कशी उघडतात ते दिसतं. खुणा केलेली काठी रोवून दर १५ मिनिटांनी आतली आणि बाहेरची पातळी नोंदवा.

पाण्याचा खारेपणा मोजायला पिण्याच्या पाण्याचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) नेतात आणि तो आकडाच दाखवत नाही. साधे मीटर दहा हजार पीपीएमच्या (दहा लाख भागांत किती भाग क्षार, त्या मापाच्या) आत थांबतात आणि समुद्राचं पाणी ३५,००० च्या आसपास असतं. १० मिलि नमुना घेऊन बॅटरीच्या डिस्टिल्ड वॉटरने १०० मिलि करा, वाचन दहाने गुणा. सातवी-आठवीला गुणोत्तर शिकवायला यासारखं उदाहरण नाही. आणि त्यानंतर 'कोरगुट भात (खारट जमिनीत पिकणारी जात) या शेतात का टिकतं' हा प्रश्न मुलंच काढतात.

पावसाळ्यात बांधावर मुलांना नेऊ नका, माती निसरते. ऑक्टोबरनंतर. दहा मुलांमागे एक मोठा माणूस, आणि त्यांतला एक तरी ती मानस राखणारा असावा.

खडूफळा

वरचं सगळं झाल्यावरही एक गोष्ट उरते, आणि बहुतेक प्रशिक्षणं तिथेच अडतात. दुसऱ्या दिवसानंतर शिक्षकाच्या वर्गात कुणी जात नाही. २८ शिक्षक म्हणजे १४ जोड्या. सीआरपी, बीआरपी (शाळांना मदत करणाऱ्या केंद्र आणि गट पातळीवरच्या साधनव्यक्ती) मिळून तिघे असाल तर प्रत्येक जोडीला एकदा भेट सहज होते. भेट पहिल्या आठवड्याच्या शेवटी ठेवा. मांडणीच्या दिवशी गेलात तर सजवलेलं दिसेल, पण अडलेलं दिसणार नाही.

वर्गात गेल्यावर तपासणीचा कागद काढू नका. मागच्या बाकावर बसून तीनच गोष्टी लिहा: दहा मिनिटांत शिक्षकाने विचारलेले प्रश्न जसेच्या तसे, कोणत्या गटात कोण बोललं नाही, आणि 'तुम्ही हे का करताय' असं एका मुलाला विचारल्यावर त्याने दिलेलं उत्तर. 'बाईंनी सांगितलं म्हणून' असं उत्तर आलं तर प्रश्न अजून मुलांचा झालेला नाही. अशा वेळी दुसऱ्या तासिकेला 'काय शोधावं लागेल' हा रकाना मुलांकडून पुन्हा भरून घ्या, आणि त्यातल्या निदान एका मुलाच्या प्रश्नाला गटाचं काम म्हणून जागा द्या. ही नोंद शिक्षकाच्याच हाती द्यायची, वर पाठवायची नाही. ती अहवालात गेली की पुढच्या भेटीला वर्ग खरा दिसत नाही.

चवथीनंतर एका शनिवारी अर्धा दिवस सगळ्यांना पुन्हा बोलवा. प्रत्येकाने फक्त दोन वस्तू आणायच्या: एका मुलाचा पहिला मसुदा आणि त्याच मुलाचा शेवटचा. फोटो नकोत, सादरीकरण नको. दोन्ही शेजारी ठेवून मध्ये काय घडलं ते पाच मिनिटांत सांगायचं. ज्यांचे दोन्ही मसुदे सारखेच असतील त्यांनी सुधारणेच्या दोन तासिका कुठे गेल्या ते पाहायचं. बहुधा त्या मोजमाप लांबल्यामुळे गेलेल्या असतात, म्हणून पुढच्या आराखड्यात मोजमापाला एक तासिका जादा धरा.

अध्ययनवाट सर, आदेश बदलून मिळाला नाही आणि दिवस सलगच ठेवावे लागले, तर दुसऱ्या दिवशी पूर्ण आराखडा करून घेऊ नका. प्रश्न, निष्पत्ती आणि पहिल्या आठवड्याच्या चार तासिका एवढंच पक्कं करा. बाकीचं पान कोरं ठेवून पाठवा, ते पहिल्या भेटीत शाळेत बसून भरता येईल.